‘कधीच’ पाडणारे ढवळे सर

ढवळे सरांसमोर ‘सगळे’, ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द उच्चारायची जामखेडच्या आमच्या गल्लीत कुणाची छाती नाही. मी त्यांचा जुना विद्यार्थी आणि आता शेजारी, त्यामुळे सर्वाधिक मार मीच खाल्लेला. नववीत मी छातीठोकपणे म्हणालो होतो, “सर, सगळ्या मूळ संख्या विषम असतात.” सरांनी फक्त दोन बोटं दाखवली. त्यानंतर वर्गभर नाचले.

“एक दाखवला, की पाडला!” हे त्यांचं पालुपद; एक अपवाद सापडला की विधान कोसळलं.

निवृत्तीनंतर त्यांनी बापूच्या चहाच्या टपरीवर मोर्चा वळवला. एकदा बापूला म्हणाले, “कोणतीबी संख्या घे, तिला पुढच्या संख्येनं गुण, वर एकेचाळीस मिळव.” एक घेतला, त्रेचाळीस आले. दोन घेतले, सत्तेचाळीस. कशानंच भाग जाईना, सगळ्या मूळ! बापू हट्टाला पेटला. चहा उतू गेला, गिऱ्हाईकं गेली, गडी एकोणचाळीसपर्यंत पोचला.

“बास की सर! एवढ्या येळा खरं निघालं, म्हंजे कायमचंच खरं!”

“चाळीस घाल.”

आले सोळाशे एक्याऐंशी. म्हणजे एकेचाळीस गुणिले एकेचाळीस! “पाडलं रं पाडलं!” करत सर बाकड्यावर चढले. बाकडंही पडलं.

परवा नागपंचमीचा विषय निघाला. सरांच्या लेकीनं, मंगलनं, सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि ती राहात्याला गेली. तेव्हा सर गरजले होते, “ह्या घरचं मूळ तुला कधीच येनार न्हाई!” मूळ म्हणजे लेकीला सणाला आणायला गेलेलं माहेरचं माणूस. मी आपलं गमतीनं विचारलं, “सर, मूळ संख्यांचं ठीक, पण या मुळाला ‘कधीच’ कसं चालतं?”

 सर चहा तसाच ठेवून उठले. मला माझ्या जिभेचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टँडवर दिसले. इस्त्रीचा सदरा, हातात नवी पिशवी, पिशवीत हिरव्या बांगड्या.

“कुठं निघालात, सर?”

“राहात्याला. एक विधान पाडायचंय.” मग हळूच म्हणाले, “सहा पंचम्या खरं निघालं रं ते.”

“आणि ती आलीच नाही तर?”

सरांनी डोळे पुसले आणि एसटीच्या पायरीवर पाय ठेवला.

“न्हाई आली तरी मूळ तर गेलं ना? एक पुरं असतं.”