अटकेतला दर्यासारंग

जहाजांच्या कायद्याला आयुष्य वाहिलेल्या या वकिलांनी समुद्र पाहिला होता तो कचेरीच्या खिडकीतून, आणि ती खिडकीही बहुधा बंदच असे. मेहुण्याने टिंगलीने ठेवलेले ‘दर्यासारंग’ हे नाव ते पदवीसारखे मिरवीत.

त्या दुपारी विधी विभागाच्या प्रमुखपदाची मुलाखत होती.

“खुर्ची आपलीच समज!” सकाळी त्यांनी बायकोपुढे छाती फुगवली. “आधी एका जहाजाला अटक करून येतो. समितीपुढे जाताना अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास हवा!”

“वासाचं राहू द्या, वेळेत पोचा. अख्ख्या इमारतीला सांगून बसलेय मी!”

देणे थकवलेल्या जहाजाला अटक करताना बेड्या घालीत नाहीत; न्यायालयाचा हुकूम डोलकाठीवर चिकटवतात. काम शिपायाचे, पण मसुदा दर्यासारंगांचा होता, आणि स्वतःच्या मसुद्यावर ते चंद्रावर चकोराने व्हावे तसे लुब्ध होते. ‘न्यायालयाच्या परवानगीवाचून कोणतीही वस्तू वा व्यक्ती जहाजावरून उतरणार नाही!’

“सर, हुकूम बजावणाऱ्याचा अपवाद घालू या? नेहमी घालतात,” असे कचेरीतला त्यांचा प्रतिस्पर्धी भीत भीत म्हणाला होता. त्याला ते पाठीमागे ‘गोगलगाय’ म्हणत.

“अपवाद म्हणजे भोक! भोक पडलं की जहाज बुडतं!”

धक्क्यावर पोचताच त्यांनी शिडीशी उभ्या हवालदाराला बजावले, “कुणी रडो, धमकावो, ओळख सांगो, उतरू द्यायचं नाही. मी म्हटलं तरी नाही!”

“जी साहेब.”

वर जाऊन त्यांनी हुकूम चिकटवला आणि कप्तानाला खणखणीत आवाजात वाचून दाखवला. एवढ्यात दोरखंडांनी बांधलेले ते जहाज झोपेत कूस बदलावी तसे किंचित हलले, आणि दर्यासारंगांच्या पोटात भरती आली.

“बराय, निघतो,” म्हणत ते शिडीकडे वळले. हवालदाराने दंडुका आडवा धरला.

“अरे, मी आहे!”

“तुम्ही म्हटलं तरी नाही, असं तुम्हीच म्हणालात.”

“ती बोलायची पद्धत झाली!”

“कागदावरही तेच आहे की. इथवर ऐकू आलं.”

“अपवाद दाखवा, वकीलसाहेब,” कप्तान अदबीने म्हणाला, “हात धरून उतरवतो. उगीच हुकूम मोडून तुरुंगात मी का जाऊ?”

त्यांनी हुकूम पुन्हा वाचला. मुंगी शिरेल एवढीही फट नव्हती! घर बांधून दार ठेवायला विसरलेल्या गवंड्यासारखे ते आत उभे राहिले. मग गोगलगायीला फोन लावला.

“दुरुस्तीचा हुकूम घेऊन ये, ताबडतोब!”

“आणतो ना सर. पण न्यायाधीश जेवायला उठलेत. आणि नंतर मुलाखत माझीही आहे.”

कठड्यावर ओणवून दर्यासारंगांनी सकाळची न्याहारी समुद्राला अर्पण केली. वारा उलटा होता. खाऱ्या पाण्याचे स्वभावधर्म ग्रंथांत दिलेले नसतात.

उन्हे कलल्यावर गोगलगाय हुकूम घेऊन आली.

“समितीनं निर्दोष मसुद्याचा नमुना मागितला, सर. मी तुमचाच दाखवला!”

“माझं नाव सांगितलंस?”

“सांगितलं तर! म्हटलं, लिहिणाऱ्यालाही यातून निसटता येत नाहीये. काय हसले हो सगळे! अपवाद घालायचं मी सुचवलं होतं, हेही सांगितलं.” गोगलगाय लाजली. “उद्यापासून मीच बसतोय त्या खुर्चीत.”

दर्यासारंग शिडी उतरले. हवालदाराने सलाम ठोकला. कुणाला, ते त्यांनी पाहिले नाही. खिशातला फोन वाजला.

“अहो, आला का समितीला खाऱ्या वाऱ्याचा वास?”

“समितीला नाही,” ते म्हणाले. “तुला येईल. दुसरा सदरा काढून ठेव.”