जिन्याकडचा दिवा

शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवे होते, एक खिडकीकडे, एक जिन्याकडे. मधे अठरा मीटर अंतर. बरोबर मध्यावर जमिनीवर दोन्ही दिवे लावणारं एक बटण. पुस्तकं वाहायची एक ढकलगाडी, चार चाकं, त्यांतलं एक कुरकुरणारं. जिन्याकडच्या दिव्यामागे पुठ्ठ्याआड काड्यापेटीएवढं एक सर्किटही होतं, पण ते मोजायचं नव्हतं.

भौतिकशास्त्राच्या नव्या सरांची वर्षभराची नेमणूक आज संपत होती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे तपासणीला आलेल्या बाई ठरवणार होत्या. धडा सापेक्षतेचा होता. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, नुसती बडबड नको, प्रयोग करून दाखवा.

दिवे एकदम लागले तरी गाडीतला माणूस ज्या दिव्याकडे जातो, त्याचा प्रकाश त्याला आधी गाठतो. हे खरंच आहे. पण ढकलगाडीच्या वेगाला फरक पडतो तो असा: एका सेकंदाचे कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा पन्नास कोटी, आणि त्यातला एक उचला. तो उचलणारा अजून जन्मायचाय. म्हणून सरांनी जिन्याकडचा दिवा अर्धा सेकंद उशिरा लागेल अशी सोय केली होती.

बाई म्हणाल्या, गाडीत मीच बसते. प्रयोगशाळेतल्या काकांनी त्यांना खिडकीच्या दिशेने ढकललं. चाक बटणावरून गेलं, खिडकीकडचा दिवा आधी लागला. मुख्याध्यापकांचा चेहरा फुलला.

"छान. आता उलटं न्या," बाई गाडीतूनच म्हणाल्या.

सरांनी काकांना डोळ्याने खुणावलं, पण काका हुकमाचे ताबेदार. गाडी जिन्याकडे निघाली आणि दिवा आधी लागला तो खिडकीकडचाच.

"आता बटणावर उभीच ठेवा," बाई म्हणाल्या.

पुन्हा खिडकीकडचाच.

"सर, तुमच्या दिव्याला वेगाचं काही पडलेलं दिसत नाही."

वायर जुनी आहे, असं सर पुटपुटले. बाईंनी वाद घातला नाही. व्हरांड्यात उभ्या मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, काय दिसलं आणि का, ते लिहा.

मुख्याध्यापक सरांच्या कानाशी आले. "अहो, बघताय काय? मुलांना काहीतरी सुचवा."

"कसं सुचवू? मीच वर्षभर सांगितलंय, सरांना आवडेल ते लिहायचं नाही, दिसेल ते लिहायचं."

मुलं मान खाली घालून भराभर लिहीत होती. इतक्या मन लावून त्यांनी परीक्षेतही लिहिलं नव्हतं. बाईंनी पहिली चिठ्ठी मोठ्याने वाचली. "गाडी थांबली तरी जिन्याकडचा दिवा मागे राहतो. म्हणजे कारण वेग नाही. खरा फरक डोळ्यांना दिसूच शकत नाही. सरांनी दिवा मुद्दाम उशिरा लावलाय."

सरांनी पुठ्ठा बाजूला केला आणि सर्किट बाईंच्या हातात दिलं. "बरोबर आहे, बाई. मी लावलं."

बाईंनी तपासणीच्या तक्त्यातल्या 'प्रयोग यशस्वी' या रकान्यावर फुली मारली. सरांनी डोळे मिटले.

"डोळे उघडा. फुलीने नोकरी जात नाही. पुढचा रकाना आहे, 'विषय समजलेले विद्यार्थी'. कायम व्हायला एक्केचाळीसपैकी एकतीस लागतात."

त्या चिठ्ठ्या मोजू लागल्या. लबाडी पकडलेल्या एका बाजूला, न पकडलेल्या दुसऱ्या बाजूला. मुख्याध्यापकही मोजत होते, ओठ हलवत.

पकडलेल्या अडतीस, न पकडलेल्या तीन.