किलोमागे दोन चमचे

फौजदाराला रोज किती दाणे घालायचे, ह्यावरून त्या घरात तिघांची तीन मतं पडली आणि फौजदार तिन्ही मतांचा मान राखून तिन्ही वाट्या चाटूनपुसून मोकळा झाला.

फौजदार म्हणजे ससा. रंगाने करडा, वरच्या ओठावर पांढरी मिशीसारखी रेघ, आणि कुणी उशिरा घरी आलं की मागचा पाय फरशीवर आपटून जाब विचारण्याची सवय. भिंगरीला सहावं लागलं तेव्हा तो घरी आला. सोबत पिंजरा, सुक्या गवताचा भारा आणि दाण्यांची पिशवी. दाणे म्हणजे गवत दळून केलेल्या बारीक बारीक कांड्या. दुकानदार त्यांना पेलेट म्हणाला, आजींनी त्यांचं 'गोळ्या' करून टाकलं.

"मूठभर टाकायचे रोज," दुकानदाराने सांगितलं होतं. पण मूठ कुणाची, हे त्याने सांगितलं नव्हतं. भिंगरीच्या मुठीत मावत पाच-सात दाणे, त्यातले निम्मे पिंजऱ्यापर्यंत पोचायच्या आत सोफ्याखाली. तिच्या बाबांची मूठ म्हणजे फावडं. आणि आजी मूठ म्हणून जे भरत, त्याला बाकीचे लोक ओंजळ म्हणतात.

भिंगरीच्या आईला असला अंदाजपंचे कारभार खपत नसे. तिने संख्याशास्त्रात पदवी घेतली होती आणि मूल झाल्यापासून ती सगळी पदवी घरातच खर्च होत होती. दूध पेल्याच्या रेघेपर्यंत, अंघोळीचं पाणी कोपर बुडवून तपासलेलं, खोकला आला की दोन खोकल्यांच्या मधलं अंतर. त्यात तिने कुठेतरी वाचलं की दाणे जास्त झाले तर ससा गवत सोडतो, आणि गवत सोडलं की त्याचं पोट थांबतं. 'थांबतं' हा शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसला. तिने सरळ जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"वजन किती आहे त्याचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वजन नाही हो केलं."

"मग करा. किलोमागे दोन चमचे दाणे, दिवसाला. बाकी गवत, खाईल तेवढं. वजन कळवा मला."

फौजदार काट्यावर बसायला तयार नव्हता. एकदा तो तिथून उडी मारून थेट चपलांच्या कपाटात गेला. शेवटी भिंगरीच्या बाबांनी तोडगा काढला. "अगं, त्याला कडेवर घे नि काट्यावर उभी राहा. मग तुझं वजन वजा कर. सोपं आहे."

ती उभी राहिली. भिंगरी गुडघ्यावर बसून आकडा वाचायला लागली. आजी हात पुसत दारात आल्या.

"चौसष्ट!" भिंगरी ओरडली.

"आणि तुझं किती?" बाबा.

"अठ्ठावन्न," भिंगरीची आई म्हणाली. जुना फोन नंबर तोंडात यावा तसा तो आकडा तिच्या तोंडात आला. एकेकाळी तो खरा होता. भिंगरीच्या जन्माआधी.

"एकदा एकटी उभी राहून बघ ना."

"कशाला? माझं वजन मला माहीत नाही?"

"चौसष्ट वजा अठ्ठावन्न, सहा!" भिंगरीने हिशोब जाहीर केला.

"सहा किलो?" बाबांनी फौजदाराला नखशिखांत न्याहाळलं. "दुकानदाराने बोकड तर नाही ना गळ्यात मारला?"

फोनवर डॉक्टरांनाही आकडा दोनदा सांगावा लागला. "सहा? अहो, फारच लठ्ठ झालाय तो. दाणे जवळजवळ बंदच करा. अर्धा चमचा, बस्स. तीन आठवड्यांनी दाखवायला आणा."

दुपारी घर रिकामं झालं तेव्हा भिंगरीची आई गुपचूप काट्यावर उभी राहिली. बासष्ट. तिने काटा दुसऱ्या फरशीवर ठेवला. बासष्ट. केसांचा चिमटा काढला, घड्याळ काढलं, श्वास आत ओढून धरला. बासष्ट.

म्हणजे ससा दोनच किलोचा होता. वरचे चार किलो तिने त्या मुक्या जीवाच्या अंगावर ढकलले होते आणि त्याबद्दल शिक्षा तो भोगत होता. पिंजऱ्यात फौजदार मागच्या दोन पायांवर उभा राहून रिकाम्या वाटीत डोकावत होता. तिने हिशोबाप्रमाणे चार चमचे दाणे काढले, सपाट करून, आणि वाटीत घातले.

डॉक्टरांना फोन करून चूक सुधारायची, एवढं साधं काम होतं. पण चूक कशी झाली, हे सांगावं लागलं असतं, आणि फोन नेमका आजींच्या खोलीशेजारी. महिन्यापूर्वीच तिने घरात जाहीर केलं होतं की संध्याकाळच्या चालण्याने तिचं वजन पाच किलो उतरलं. त्याच जोरावर तिने साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर चढवला होता आणि आजींना चहात अर्ध्या चमच्यावर आणलं होतं. आता बासष्ट म्हटल्यावर डबा खाली आला असता, आणि डब्याबरोबर तीही.

पुढच्या रविवारी तिने नवऱ्याला सांगितलं, "माझा हात भरून आलाय, आज तूच घे त्याला." सांगितलं खरं, पण मग तिच्या लक्षात आलं. आता ससा दोन किलोचा भरणार आणि सगळं उघडं पडणार. भिंगरीचे बाबा लिफ्ट तपासणीच्या कामाला होते. कुठल्या लिफ्टमध्ये किती वजन चालेल, ह्याच्या पाट्यांवर सही करून त्यांचा दिवस जाई. वजनाच्या बाबतीत असा माणूस काय चुकणार?

"सत्त्याहत्तर," भिंगरीने वाचलं.

"माझं बहात्तर," बाबा म्हणाले. अगदी सहज.

"पाच! एक किलो कमी झाला फौजदार!"

"बघ, म्हटलं नव्हतं?" बाबा खूश. "पथ्य लागू पडतंय."

भिंगरीच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीकडे पाहत होता. तिने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ओठ आवळून धरले. बोलायची सोय नव्हती. बोललं तर 'तुला कसं कळलं?' हा प्रश्न आलाच.

तिसऱ्या रविवारी आजींनी स्वतःहून पदर खोचला. "द्या इकडे. तुम्हाला दोघांना धरता येत नाही नीट, जीव घाबरतो त्याचा."

"आई, तुमचं वजन?"

"बावन्न. लग्न झाल्यापासून बावन्नच आहे माझं."

ससा चार किलो भरला. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. सहा, पाच, चार. असा सरळ रेषेत उतरणारा आलेख भिंगरीच्या आईने कॉलेजातसुद्धा पाहिला नव्हता. त्या दिवशी जेवताना सगळे फौजदाराच्या निग्रहाचं कौतुक करत होते आणि तिला घरातल्या सगळ्यांबद्दल एकाएकी फार माया दाटून आली. चार किलो तिचे, तीन ह्याचे, दोन आईंचे. कुटुंब म्हणतात ते हेच असावं. दाण्यांची पिशवी मात्र पथ्याच्या मानाने फार लवकर तळाला आली होती. पण आपणच रोज चार चमचे काढतो, दुसऱ्या कुणाला काय विचारणार, म्हणून तिने नवी पिशवी आणून गुपचूप जुनीत ओतली.

आणि मंगळवारी फौजदाराने गवताला तोंड लावलं नाही. बुधवारीही नाही. गवत तसंच्या तसं, आणि तो कोपऱ्यात उशीसारखा पसरलेला. संध्याकाळी भिंगरीचे बाबा चांगले तासभर उशिरा आले, तरी त्याने पाय आपटला नाही.

"अरे, त्याने पाय नाही आपटला!" भिंगरीच्या आईचा आवाज चिरकला.

"बरंच झालं की."

"बरं काय? पोट थांबलं त्याचं! चला, सगळे चला."

दवाखान्यात फिनेलचा वास होता आणि बाकावर गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेला एक कुत्रा तोंड पाडून बसला होता. डॉक्टरांनी फौजदाराला उचललं.

"तपासायच्या टेबलाचा काटा बिघडलाय. सकाळी एक धिप्पाड कुत्रा टेकून गेला त्यावर," त्या म्हणाल्या. "थांबा, मीच घेते ह्याला." जमिनीवरच्या काट्यावर त्या सशासकट उभ्या राहिल्या, ओठ हलवत हिशोब केला आणि खाली उतरल्या. "साडेपाच किलो."

तिघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

"पण आमच्याकडे रविवारी चार होता!" भिंगरी म्हणाली.

"मग परत वाढलाय. आणि गवतही खात नाही? पोट सुस्त झालंय. आत्ताच औषध देऊन टाकते. हे वजनावर द्यायचं असतं, साडेपाच म्हणजे..." डॉक्टरांनी बाटली उलटी धरली आणि सिरिंजचा दट्ट्या ओढायला सुरुवात केली.

सिरिंजमधलं औषध रेघ रेघ चढत गेलं. भिंगरीची आई ते बघत होती. मुलीच्या तापाचं औषध अर्धी रेघ जास्त झालं तर जी बाई ते ओतून पुन्हा मोजते, तिच्यासमोर दोन किलोच्या सशाला साडेपाच किलोचं औषध चाललं होतं.

"डॉक्टर, थांबा! तो दोन किलोचा आहे. फार तर तीन."

"मी आत्ताच मोजला, बाई."

"मीही मोजला होता. असाच, कडेवर घेऊन. सहा भरला होता." तिने सिरिंजवर हात ठेवला. "त्यातले चार माझे होते."

डॉक्टर थांबल्या. आजींनी गालावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे साखर..."

"आई, साखरेचं घरी बोलू."

भिंगरीचे बाबा खाकरले. "माझेही तीन आहेत त्यात. लिफ्टवाल्यांना सांगू नका."

"माझे दोन धरा," आजी पुटपुटल्या. "लग्नात बावन्न होतं, हे मात्र खरंय."

पण आजच्या साडेपाचातले वरचे अडीच किलो कुणाचे, हे विचारायचं कसं? भिंगरीच्या आईने शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "डॉक्टर, तुम्ही स्वतःचं वजन शेवटचं कधी केलं होतंत?"

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मुलीला उभं करूया. लहान मुलांना वजन लपवायची गरज नसते. ये गं बाळ. घट्ट धर हं त्याला."

भिंगरी ऐटीत काट्यावर चढली.

"वीस किलो नऊशे," डॉक्टरांनी वाचलं. "आणि तुझं एकटीचं किती?"

"वीस!" भिंगरीने छाती पुढे काढली. "आई सगळ्यांना सांगते."

"म्हणजे ससा..." डॉक्टरांचा आवाज खोल गेला. "नऊशे ग्रॅम?"

फौजदार भिंगरीच्या दोन्ही हातांतून चारी बाजूंनी ओसंडत होता. सगळ्यांच्या नजरा हळूहळू भिंगरीच्या आईकडे वळल्या.

"ते... लोक येता-जाता विचारतात ना, 'मुलगी खात नाही का?' म्हणून," ती म्हणाली. "मी थोडं वाढवून सांगते."

"वा!" बाबा म्हणाले. "म्हणजे स्वतःचं काढलंस आणि तिच्यात घातलंस."

"उतर गं, ससा बाबांकडे दे, आता एकटी चढ," डॉक्टर म्हणाल्या. "अठरा. म्हणजे ससा झाला दोन किलो नऊशे. आणि ह्यापुढे माझ्या दवाखान्यात कुणीही तोंडाने वजन सांगायचं नाही. मी धरून." मग त्यांनी भिंगरीच्या आईचा चेहरा पाहिला असावा, कारण त्या जरा थांबून म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर आहे, पण पाच-सहा वर्षांच्या मुलीला अठरा किलो अगदी ठीक असतात हो. माझ्या भाचीचं तेवढंच आहे. घर डोक्यावर घेते."

भिंगरीच्या आईने कितीतरी दिवसांनी सबंध श्वास घेतला.

डॉक्टरांनी फौजदाराचं पोट चाचपलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं. "पोट थांबलेलं नाही. गडगडतंय छान. खरं सांगा, दाणे किती घालता?"

"अर्धा चमचा," तिघं एका सुरात म्हणाले.

"अर्ध्या चमच्यावर असा टम्म?"

"मी सकाळी थोडे..." बाबा म्हणाले. "मागून एकटा उभा राहिलो काट्यावर, तेव्हा कळलं. उपाशी मारतोय बिचाऱ्याला, असं वाटलं."

"मी सगळे गेल्यावर चार चमचे," भिंगरीची आई म्हणाली. "सपाट."

"मी दुपारच्याला," आजी म्हणाल्या. "चमचा नाही, मूठच. तोंड वर करून बघतो हो तो."

"मी नाही घातले," भिंगरी म्हणाली. "आई म्हणाली होती, घालायचे नाहीत."

डॉक्टरांनी सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली. "औषध काही नको. ह्याचं पोट भरलंय, म्हणून गवत नको झालंय. दोन दिवस फक्त गवत, आणि माझ्याकडे आणून दाखवा. मग किलोमागे दोन चमचे."

"म्हणजे सहा चमचे?" भिंगरीच्या आईने लगेच हिशोब केला.

"चार. तो दोन किलोचाच ससा आहे. वरचे नऊशे ग्रॅम तुम्हा तिघांचे."

ती मंडळी बाहेर आली. पायरीवर भिंगरीने खिशातून आणलेल्या सुक्या गवताच्या दोन काड्या फौजदारापुढे धरल्या. त्याने आधी तोंड फिरवलं, मग काय वाटलं कोण जाणे, एक काडी ओढून घेतली. ती त्याच्या तोंडात दिसेनाशी होईपर्यंत भिंगरीची आई तिथून हलली नाही.

मागे दवाखान्याच्या धुरकट काचेआड डॉक्टर एकट्याच होत्या. आतून काट्याचा 'टुक' असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा 'टुक'.

"चपला काढल्या वाटतं," आजी हळूच म्हणाल्या.

"नाही हो आई," भिंगरीची आई म्हणाली. "एप्रन."

तिसऱ्यांदा 'टुक' झालं, तेव्हा मात्र तिघांनीही सभ्यपणे रस्त्याकडे तोंड केलं.