पंचेचाळीसची तबकडी

इंदिराबाईंची साठी जवळ आली तेव्हा यज्ञेश्वर गायधनींनी ठरवलं, की यंदा बायकोला साडी द्यायची नाही. (दिलेली साडी दरवर्षी बदलून आणायला तेच जात असत.) लग्नाआधी इंदिराबाईंनी एक भावगीत गायलं होतं, त्याची रेकॉर्डही निघाली होती. पुढे संसारात गाणं मागे पडलं ते पडलंच. विषय निघाला की त्या “होतं काहीतरी” म्हणत आणि पोळ्या लाटायला लागत. ती रेकॉर्ड शोधायची आणि सगळ्यांसमोर वाजवायची, असा यज्ञेश्वरांचा बेत होता.

जुनी गाणी ऑनलाइन विकणाऱ्या एका साइटवर ती सापडली. डाउनलोडची सोय नव्हती, डिस्क तेवढी मिळणार होती. विकणारा मनमाडचा धोंडीराम. ऑर्डर दिल्या दिल्या त्याचा फोन आला.

“साहेब, प्लेअर हाय ना तुमच्याकडं?”

“आहे की! रिमोटसकट.”

धोंडीरामला रिमोटचं नवल वाटलं. “शहरात काय, समदंच मिळतं म्हना. सात इंची हाय बरं.”

“चालेल. आमचा टीव्ही त्रेचाळीस इंची आहे.”

“आन् पंचेचाळीसची हाय. तेवढं लक्षात ठिवा.”

“पुरेल. नंतर जेवणच आहे.”

दोघांनीही समाधानाने फोन ठेवला.

पार्सल आलं ते नेमकं वाढदिवसाच्या दुपारी. इंदिराबाई बहिणीकडे गेल्या होत्या. यज्ञेश्वरांनी डीव्हीडी प्लेअरचा ट्रे उघडला आणि त्यावर ती काळी तबकडी ठेवली. चहाच्या बशीवर भाकरी ठेवावी तशी ती चारी बाजूंनी बाहेर आली.

“थोडी दाबून बघू का?” त्यांनी मुलीला, वल्लरीला विचारलं.

“बाबा! ही जुनी रेकॉर्ड आहे. हिला सुईचा प्लेअर लागतो.”

“मग त्याने विचारायला नको?” यज्ञेश्वर म्हणाले. (विचारलं होतं.)

पाहुणे संध्याकाळी यायचे होते. खालच्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंकडे त्यांच्या यजमानांचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता. “त्यांची भजनांची मोठी तबकडी रोज लावते मी यावर,” त्या म्हणाल्या. “न्या. पण कुठल्या खटक्याला हात लावू नका. आरती आटोपली की मीही येते वर.”

यज्ञेश्वर आज्ञाधारक होते. त्यांनी कशालाही हात लावला नाही.

संध्याकाळी घर भरलं. “इंदिरेचा आवाज मी हजारात ओळखेन,” असं छोटंसं भाषण करून त्यांनी सुई टेकवली.

प्लेअरमधून भरदार पुरुषी आवाज आला. दुपारची झोपमोड झालेला एखादा पहिलवान, जांभया देत देत, चांदण्याविषयी गात होता.

यज्ञेश्वरांचा चुलतभाऊ दिनेश म्हणाला, “वहिनींना तेव्हा सर्दी होती का?”

हशा पिकला. इंदिराबाई मात्र कोथिंबीरवड्यांची प्लेट घेऊन स्वयंपाकघराकडे वळल्या. यज्ञेश्वरांनी त्यांचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तावातावाने धोंडीरामला फोन लावला.

“अहो, यात बुवा गातोय!”

“कितीवर लावली?”

“फुल आवाजावर!”

“आवाज नाय हो, स्पीड! पंचेचाळीसवर करा!”

वल्लरीने बाजूचा खटका तेहतीसवरून पंचेचाळीसवर सरकवला आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. आणि कॉलेजातली एक मुलगी गायला लागली. स्वच्छ, जरा भित्री, पण सुरात. दिनेशचा घास हातातच राहिला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या इंदिराबाईंचे ओठ हलायला लागले. दुसऱ्या कडव्याला त्या मोठ्याने गायल्या. वरच्या सुराला आवाज फाटला, तरी थांबल्या नाहीत. यज्ञेश्वरांनी चष्मा पुसला.

टाळ्या थांबेनात. “वन्स मोअर!” दिनेश ओरडला. त्याच गडबडीत वत्सलाबाई वर आल्या आणि खुर्चीत टेकल्या. यज्ञेश्वर लगबगीने प्लेअरकडे गेले.

“थांबा,” इंदिराबाई हसत म्हणाल्या, “आता मघासारखं लावा.”

“त्या पहिलवानाचं?”

“अंघोळ करताना तुम्ही गाता ना, थेट तसं येतंय ते. ऐकू दे सगळ्यांना.”

वल्लरीने खटका मागे ओढला. पहिली ओळ संपायच्या आत वत्सलाबाई ताठ बसल्या.

“अगं बाई! रोज सकाळी आमच्या न्हाणीघराच्या पाइपातून येतो तो हाच आवाज! आणि मी दोनदा प्लंबर बोलावला की गं!”