माझा माइक आणि सासूबाईंचा फोन

कॉम्प्युटरच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायचं नाही, असं मी बायकोला सकाळीच बजावलं. ती म्हणाली, "मी दुरुस्तीवाल्याला फोन लावते." मी तिचा फोन उचलून फ्रिजवर ठेवून दिला.

प्रश्न नोकरीचा होता हो. आमच्या विभागातून एक माणूस कमी होणार होता, आणि तो कोण, हे आमच्या विभागप्रमुख मॅडम त्या दुपारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सांगणार होत्या. माझं काम चोख, पण माइक नाठाळ. मी बोलायला लागलो की त्याचा आवाज आपोआप खाली घसरायचा. वर करावा, तर पुन्हा घसरायचा. मॅडम मला 'ते न बोलणारे गृहस्थ' म्हणूनच ओळखायच्या. अशा माणसाला काढायला कितीसा वेळ लागतो?

सेटिंग्ज धुंडाळता धुंडाळता चोर सापडला. 'माइकचा आवाज आपोआप जुळवा' अशी एक टिक होती. ती काढली, आवाज पार वरपर्यंत नेला, कानांवर जाडजूड हेडफोन चढवला. आता तो आवाज तसूभर हलणार नव्हता.

मॅडमनी मला बोलायला सांगितलं. मी सुरुवात केली मात्र, पडद्यावरच्या हिशेबनीसांनी मान खाली घातली. म्हटलं, संपलं, यांना आधीच कळलंय. मग खरेदीवाल्या ताईंनी तोंडाला रुमाल लावला. माझ्यासाठी रडत होत्या बिचाऱ्या! मॅडमनी हात वर करून 'थांबा' अशी खूण केली. थांबलो तर नोकरी गेली, या भीतीने मी आणखी जोरात, आणखी भरभर बोलत सुटलो.

तेवढ्यात बायकोने धावत येऊन माझा हेडफोन खेचला. "अहो, आईचं सगळं बोलणं तिकडे जातंय!"

शेजारच्या खोलीत सासूबाई रोजच्यासारख्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. बहीण लांब राहते, म्हणून आवाजही लांब पोचला पाहिजे, असं त्यांचं गणित आहे.

"अगं, जावयांनी धसकाच घेतलाय. धड जेवत नाहीत. झोपेत हात जोडतात, 'मॅडम, मला काढू नका' म्हणतात. काल तर माझ्या लेकीच्याच पाया पडले."

म्हणजे इतके दिवस सासूबाईंचा आवाज चढला की खाली घसरून त्या नाठाळ माइकनेच माझी अब्रू झाकली होती. मी घाईघाईने हेडफोन परत चढवला.

"तुमचं बोलणं काही नीट कळलं नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण काम मी पाहिलंय. जाणारा माणूस स्वतःहून जातोय, त्याला दुसरीकडे नोकरी लागली. तुम्हाला कुणी काढत नाहीये. आज नीट झोपा, आणि बायकोला झोपू द्या."

ती टिक मी परत लावलीय. पुन्हा न बोलणारा गृहस्थ झालोय, आणि सुखात आहे.