सावंगीची सावड

पवार पाळकांनी शिफारसपत्र लिहून टेबलावर ठेवलं होतं. फक्त सही राहिली होती. योहान शिरसाट त्या कागदाकडे उपाशी माणूस भाकरीकडे पाहतो तसा पाहत होता. त्या सहीवाचून धर्मशिक्षणाच्या शाळेत प्रवेश नव्हता, आणि त्या शाळेवाचून आपल्या जगण्यात काही राम नाही, असं एकोणीस वर्षांच्या योहाननं ठरवून टाकलं होतं.

"सही होईल," पाळक म्हणाले. "आधी पंधरा दिवस एखाद्या खेड्यात राहून सेवा कर. उपदेश नको, पत्रकं नकोत, हातांनी काम कर. आणि एक ध्यानात ठेव. द्यायचं, घ्यायचं नाही. मोबदला म्हणून ज्वारीचा दाणा जरी घेतलास तरी हे पत्र मी फाडून टाकीन."

"आणि जेवण?" योहाननं भीत भीत विचारलं.

पाळकांनी थोडा विचार केला. "जेवण चालेल. पण बेतानं."

पवार पाळक मूळचे नगर शहरातले. मेहकरच्या लहानशा चर्चच्या प्रार्थनामंदिरात येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, पण शेतात त्यांचा पाय कधी पडला नव्हता. योहान मेहकरचाच, पण मिशनच्या वसतिगृहात वाढलेला. म्हणजे सेवेला पाठवणारा आणि सेवेला निघालेला, दोघेही शेतीच्या बाबतीत सारखेच अडाणी होते. नवं महाराष्ट्र राज्य होऊन दीड वर्ष झालं होतं, डिसेंबर लागला होता, आणि योहान एक पिशवी घेऊन साखरखेर्ड्याच्या अलीकडच्या सावंगीत उतरला.

गावात शेषरावांनी त्याला ठेवून घेतलं. "कोनाकडं आले?" त्यांनी विचारलं.

"सेवा करायला आलो, काका."

"कोनाची?"

"तुमची."

शेषरावांनी स्वतःचे हातपाय चाचपून पाहिले. "आमाले काय झालं बाप्पा?"

पहिले दोन दिवस त्याला कोणी कामाला हात लावू दिला नाही. पाहुण्यानं काम करायचं नसतं. शेषरावांच्या घरच्या मनकर्णाबाई तर त्यानं पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला तरी रागावायच्या. तिसऱ्या दिवशी मात्र तुळशीरामच्या वावरात ज्वारीची सोंगणी निघाली आणि दोन माणसं तापानं आडवी झाली. योहाननं विळा उचलला. दुपारपर्यंत तो पुढं आणि त्याच्यामागं अर्धी ज्वारी तशीच उभी, असा प्रकार झाला. तुळशीरामची बायको कोकिळा त्याच्या मागून पुन्हा तीच ओळ सोंगत येत होती आणि हसता हसता तिचा विळा चुकत होता.

पण पोरगा चिवट होता. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. आठव्या दिवशी तो बायकांच्या बरोबरीनं ओळ काढायला लागला. आणि त्यानं जे पाहिलं त्यानं तो थक्क झाला. पंधरा-वीस माणसं दिवस उगवताना वावरात उतरत, दिवस मावळेपर्यंत वावर रिकामं होई, आणि संध्याकाळी कोणी मजुरी मागत नसे. घरधनी जेवू घाली, बस. दुसऱ्या दिवशी तीच माणसं दुसऱ्याच्या वावरात. आपल्याला पाळकसाहेबांनी बजावून सांगावं लागलं, आणि इथं अख्खं गाव न सांगता तेच करतंय! योहानला रोज संध्याकाळी भरून यायचं. असा तो अकरा घरी राबला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेषरावांच्या ओट्यावर ती अकराही घरं जमली.

"मंग योहानबाप्पा," शेषराव म्हणाले, "तुमचं काम कवा हाय?"

"कसलं काम?"

"तुमची सावड. तुमी आमच्या घरी राबले, आता आमी तुमच्या घरी राबाले येतो. आज मी तुह्या वावरात, उद्या तू माह्या वावरात. नाही तं इथं मजुरीबिगर कोन कोनाचं सोंगते?"

 म्हणजे पंधरा दिवस आपण ज्याला सेवा समजून डोळे पुसत होतो ती देवाणघेवाण होती, योहानच्या आता ध्यानात आलं! आणि पाळकसाहेबांनी बजावल्याप्रमाणं घ्यायचं तर काहीच नव्हतं.

"मला वावर नाही, काका."

"मंग घर शाकारून देतो."

"घर पण नाही."

"मंग तुमी राह्यता तरी कुठं?"

"मेहकरला, चर्चच्या आवारात. पण मला खरंच काही नको. मी फुकट केलं."

 म्हातारे गुलाबराव काठी टेकत उभे राहिले. "फुकट? आमी काय भीक मागतली व्हती? माह्या बापानं कोनाची सावड अंगावर ठेवली नाही. मी आता सत्तरीत ठेवू?" आणि ते तडक चालू लागले. दोघं-तिघं त्यांच्यामागं उठले. योहान रडकुंडीला आला.

मनकर्णाबाई तेवढ्या शांत होत्या. "बाप्पा, तुले देता येते," त्या म्हणाल्या. "घेता काऊन येत नाही?"

 "मी निरोप पाठवतो," असं काहीतरी पुटपुटून योहाननं वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी मिळेल ती एस.टी. पकडून मेहकर गाठलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाळकांच्या टेबलासमोर उभा होता.

"मोबदला काही घेतलास?"

"नाही, साहेब."

"जेवण?"

"घेतलं."

"बेतानं?"

योहाननं सदऱ्याची ताणलेली गुंडी हातानं झाकली. पाळकांनी टाक दौतीत बुडवला. तेवढ्यात बाहेर घुंगरं वाजली. एक गाडी, दुसरी गाडी, तिसरी. पाळकांनी खिडकीतून पाहिलं तर आवारात नऊ बैलगाड्या उभ्या, आणि त्यांतून बायाबापड्या, म्हातारेकोतारे, चाळीसभर माणसं उतरत होती.

पाळकांच्या हातातला टाक गळून पडला. दोन वर्षांत त्यांच्याकडे नवी माणसं आली होती चार, आणि त्यांतला एक उन्हाचा सावलीला बसायचा.

"योहान! तू उपदेश केलास?"

"नाही, साहेब, पण..."

"तरी आले! न बोलता आले!" पाळकांचे डोळे भरून आले. "थांब. मी झगा घालून येतो." आणि ते आतल्या खोलीत धावले.

योहान बाहेर धावला. "काका, तुम्ही इथं?"

"निरोप येईना म्हून आलो," शेषराव म्हणाले.

"अहो, मी कालच तर निघालो!"

"निरोप येनार नाही हे मनकर्णीनं परवाच सांगतलं. काम दाखवा."

"काम नाही हो काही!"

तोवर तुळशीराम आवारातून एक चक्कर मारून आला होता. त्यानं टाच आपटून पाहिली. "जमीन पाहा कशी, दगडावानी झाली! कवाचा नांगर नाही लागला. आन म्हनते काम नाही! लाजून राह्यलं पोरगं."

गाड्यांमधून सहा नांगर खाली आले. योहान "नको, नको!" म्हणून ओरडत आडवा गेला. पण सावंगीत माणूस तीनदा नको म्हटल्याशिवाय ताटावर बसत नाही. त्यामुळं त्याचं प्रत्येक नको ऐकून लोकांना पोराच्या वळणाचं कौतुकच वाटलं. गुलाबरावांनी त्याला दंडाला धरून सावलीत नेऊन बसवलं.

जमीन दगडासारखी होती, कारण पवार पाळकांनी आठ दिवस खपून, पाणी मारून, रोलर फिरवून ती तशी केली होती. नाताळ चार दिवसांवर आला होता. गावोगावची मंडळी येणार होती, नागपूरहून मोठे साहेब येणार होते, आणि सगळ्यांना बसायला तेवढं एकच पटांगण होतं.

तासभर खपून स्वागताचं प्रवचन लिहून, पांढरा झगा घालून, आशीर्वादाला दोन्ही हात उचलून पाळक पायऱ्यांवर आले तेव्हा पायरीच्या अगदी कडेपर्यंत नांगराची तासं आलेली होती. दोरी लावून आखावीत तशी सरळ. पाळकांचे हात वरच राहिले.

शेषरावांनी नमस्कार केला. "रामराम साहेब. आता हरभरा टाका. दोन पानी द्या, पाहा कसा येते."

पाळक पायरीवर बसले. योहाननं त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, सावड म्हणजे काय इथपासून गुलाबराव कसे उठून गेले इथपर्यंत.

"म्हणजे हे लोक बाप्तिस्म्याला आले नाहीत?"

"नाही साहेब. माझं काम करायला आलेत."

"आणि दोनशे माणसं नाताळला ढेकळांत बसवायची?" पाळकांचा आवाज चढला. पत्र गेलं, हे योहानला कळून चुकलं.

नाताळ म्हणजे काय ते सावंगीकरांना ठाऊक नव्हतं, पण दोनशे पाहुणे येणार आणि बसायला जागा नाही, ही आपत्ती कोणालाही कळण्यासारखी होती. तुळशीरामचा चेहरा पडला. मनकर्णाबाई पुढं झाल्या.

"सपाट जागाच पाह्यजे ना? मंग बसून काऊन राह्यले सगळे? खळं करा."

आणि मग पवार पाळकांनी आयुष्यात न पाहिलेली गोष्ट पाहिली. कोणी हुकूम सोडला नाही, कोणी विचारलं नाही. माणसांनी ढेकळं फोडली, विहिरीपासून रांग लागली, पाणी पडलं, वर भुसा पडला. मधोमध खांब रोवला गेला आणि बैलं गोल फिरू लागली. तास, दोन तास, तीन तास. माती पिठासारखी मळली गेली, मग दाबली, मग चोपली गेली. दुपारी मार्थाबाईंनी, म्हणजे पाळकांच्या बायकोनं, चाळीस माणसांचं पिठलं-भाकरी केलं. पानं मांडली तेव्हा क्षणभर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. चर्चमध्ये आजवर त्यांच्यापैकी कोणी जेवलेलं नव्हतं. गुलाबरावच आधी पानावर बसले. "सावडीचं जेवन घरधन्याकडंच असते," ते म्हणाले, आणि विषय संपला.

उन्हं कलली तशा बायका शेणकाला घेऊन उतरल्या आणि मागं मागं सरत सारवत गेल्या. दिवस मावळताना प्रार्थनामंदिरासमोर पटांगण राहिलंच नव्हतं. एक विस्तीर्ण, गुळगुळीत खळं होतं, आणि त्यावर हाताच्या बोटांची शेकडो अर्धवर्तुळं उमटली होती. पाळक पायऱ्या उतरून भारल्यासारखे पुढं निघाले.

"ओ साहेब!" मनकर्णाबाई कडाडल्या. "जोडे! खळ्याले जोडे लावते का कोनी?"

पवार पाळकांनी खाली वाकून जोडे काढले आणि अनवाणी काठावर उभे राहिले.  पंचवीस वर्षं ते त्यागावर प्रवचनं देत होते, पण असा त्याग समोर दिसल्यावर त्यांना एक शब्द आठवेना.

"शेषराव," शेवटी ते म्हणाले, "आता फिटली ना सावड?"

"कुठं फिटली?" शेषरावांना आश्चर्य वाटलं. "नांगरलं ती आमची चूक. खळं केलं, ते चूक निस्तरली. पोराची सावड तशीच हाय. पुन्हा येऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या, गाड्या जुंपल्या आणि घुंगरं वाजत निघून गेली.

कंदिलाच्या उजेडात पाळकांनी पत्र पुढं ओढलं. योहान टेबलापलीकडे उभा होता. पाळकांनी सही केली, शाई टिपली आणि कागद त्याच्या हातात दिला. मग एक कोरा कागद काढून तोही त्याच्यापुढं सरकवला.

"आता एक शिफारसपत्र तू लिही. सावंगीच्या शेषरावांना."

"कोणासाठी, साहेब?"

"माझ्यासाठी. नाताळ झाला की मी पंधरा दिवस जाणार आहे. लिही, माणूस उतारवयाचा आहे, विळा धरता येत नाही, पण शिकेल."

योहाननं सांगितलं तसं लिहिलं. मग पाळकांचं लक्ष नाही असं पाहून खाली आपल्या मनानं एक ओळ वाढवली: "काही देऊ केलं तर साहेब नको म्हणतील. ऐकू नका."