अर्ध्या घटकेत शोधविद्या शिकविल्याची हकीकत

वाग्देवीस नमन, आणि कपाटातल्या धुळीसही नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद मासी एका विद्याराज्यात मोठा अनर्थ जाहला. दुसऱ्या वर्षाच्या साठ विद्यार्थ्यांनी प्रकल्प दाखल केले, ते साठही एकाच जुन्या फाइलीवरून उतरविलेले निघाले, आणि साठांनी आरंभी ज्या प्राचार्यांचे आभार मानिले, त्यांस गादी सोडून नऊ वर्षे जाहली होती. विद्यमान प्राचार्य सरकार संतापून लाल जाहले, आणि ग्रंथपाल कुमुदिनीबाई खांबेटे यांस बोलावून आज्ञा केली की, "बाई, पोरांना शोध घ्यायला शिकवा. बारा मिनिटं देतो. जमलं नाही तर तुमचा ग्रंथालयाचा तास बंद, आणि त्या हॉलमध्ये कॅरम."

वीस वर्षे ते दालन बाईंनी लेकरासारखे सांभाळिले होते. मग अर्ध्या घटकेत कोश दाखवावे की सूची, ऐसा घोर पडिला, आणि अखेर सारे बाजूस ठेवून बाईंनी पोरांस एकच मंत्र दिधला. "कुणी काही सांगितलं की विचारायचं, हे कुठे लिहिलंय? पान कुठलं? आणि घाबरायचं नाही."

अकरावे मिनिटी सरकारांची स्वारी पाहणीस आली आणि उभ्या उभ्या बोलिली, "आपलं कॉलेज जिल्ह्यात सगळ्यात जुनं आहे, हे विसरू नका." तोच ऋतुजा वाघचौरे नामे मुलगी उठली.

"सर, हे कुठे लिहिलंय?"

"अगं, मी सांगतोय ना!"

"हो सर, पण पान कुठलं?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. सरकार गरजले, "आजपासून हा तास बंद!" मग साठही जणांनी वह्या उघडिल्या आणि अदबीने पुसिले, "सर, आदेश क्रमांक?"

सरकार तडक कचेरीत गेले आणि हेडक्लार्क गुळवे यांस म्हणाले, लिहा. गुळव्यांनी रिवाजाप्रमाणे पुसिले, "साहेब, कारण काय घालू? कारणाशिवाय आदेश निघत नाही."

"घाला, मुलं पुरावा मागतात."

गुळव्यांनी तसेच लिहून कागद पुढे ठेविला. सरकारांनी तो दोनदा वाचिला, पेनाचे टोपण काढिले, आणि पुन्हा लाविले.

सारांश, आदेश निघाला नाही, तास चालू राहिला, आणि कॅरम जिन्याखाली गेला. हे सर्व गुळव्यांच्या तोंडून ऐकून लिहिले, सबब पान कोणी विचारू नये. दिवाळीनंतर साठ प्रकल्प फिरून आले, ते साठ निरनिराळ्या तऱ्हांनी वाईट होते, आणि बाईंनी ते एकूण एक डोळ्यांत पाणी आणून वाचिले.